गाळ काढायचे दिवस

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. आमच्या अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर मी सकाळी फिरायला जातो. निवृत्तीनंतर लागलेली सवय. तिथे एका झाडाखाली सलग चार-पाच दिवस एक तरुण बसलेला दिसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, शेजारी लॅपटॉपची बॅग. दर्शनाला आलेला माणूस असा तासन्‌तास बसत नाही आणि सहलीला आलेला असे कपडे करत नाही. सहाव्या दिवशी जवळ गेलो, तर ओळखीचा निघाला. आमच्याच गल्लीतला मुलगा. त्याच्या वडिलांच्या किराणा दुकानाचे खाते एके काळी माझ्याच हाताखालून जायचे. हा पुण्यात सात वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने बऱ्याच जणांना कमी केले, त्यात हाही. घरी मात्र त्याने सांगितले होते, की कंपनीने गावाकडून काम करायची मुभा दिली आहे; घरात नेटवर्क येत नाही, म्हणून मित्राकडे जाऊन बसतो. मित्र म्हणजे हे झाड.

बोलता बोलता म्हणाला, "काका, जो तो सांगतो, शांत राहा आणि स्वतःला तयार ठेव. शांत राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

मी अडतीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि चार कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही धंद्यांत माणसाला सल्ला देण्याची खोड लागते. तरीही त्याला तिथल्या तिथे उत्तर देणे मला जमले नाही. असाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता आणि तेव्हा मी दिलेले उत्तर चुकले होते.

१९८२ साली मी कारकून म्हणून बँकेत लागलो. पहिली नेमणूक मुंबईत, लालबागच्या शाखेत. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि मी काउंटरवर बसलो तेव्हा त्याला चार-पाच महिने होऊन गेले होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले. सेव्हिंग्जच्या खिडकीवर रांग असायची ती सगळी पैसे काढणाऱ्यांची. कुणी पन्नास, कुणी तीस. पासबुकातली शिल्लक कशी उतरत जाते, हे मी त्या वर्षी रोज पाहिले. साचा खात्यात काम करणारे एक गृहस्थ असेच दर आठवड्याला यायचे. एक दिवस ते मुदत ठेवीची पावती घेऊन आले. पाच हजारांची. म्हणाले, "साहेब, ही मोडून गावाला जाऊ का? विहिरीचं काम अर्धं राहिलंय, ते पुरं करीन. का अजून थांबू?"

मी बावीस वर्षांचा होतो. मला साहेब म्हणणारा तो पहिलाच माणूस असेल. मी म्हणालो, "थांबा. दोन महिन्यांत मिटेल सगळं. आता मोडलीत तर व्याज बुडेल." काउंटरच्या आतला माणूस सांगतो आहे, म्हणजे त्याला काही तरी माहीत असणार, असे त्यांना वाटले असावे. ते थांबले. संप मिटला नाही. तो रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या पावतीवर कर्ज काढत काढत ती खोलीच्या भाड्यात आणि वाण्याच्या उधारीत संपली. गावी गेले ते रिकाम्या हाताने. जाण्यापूर्वी मला भेटायला आले आणि म्हणाले, "तुम्ही धीर दिलात, साहेब." त्या वाक्याइतके दुसरे कुठलेही वाक्य मला आयुष्यात टोचलेले नाही.

धीर देणे आणि मुदत सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तिथे शिकलो. मंदी आली, की जो तो मुदत सांगू लागतो. दोन तिमाहींत सुधारेल, दिवाळीनंतर भरती सुरू होईल, नवे सरकार आले की बाजार उठेल. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि पुण्या-मुंबईत नोकऱ्यांवर गदा आली, तेव्हाही हे ऐकले. २०२० च्या टाळेबंदीत ऐकले. २०२५ च्या जुलैत देशातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हाही ऐकले. खरे सांगायचे तर मुदत कुणालाच ठाऊक नसते. म्हणून जो शांतपणा 'लवकरच सगळे ठीक होईल' या समजुतीवर उभा असतो, तो त्या मुदतीबरोबरच संपतो. मग दुसरा शांतपणा कुठून आणायचा?

त्याचे उत्तर मला थोडेफार सापडले ते १९७२ च्या दुष्काळात. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि आम्ही खेड्यावर राहत होतो. घरात मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी यायची, शाळेत सुकडी मिळायची. गावातली बाया-माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती, हे मी नंतर वाचले. तेव्हा दिसत होते ते एवढेच, की चांगले जमीनजुमलेवाले लोकसुद्धा मस्टरवर नाव लावून पाट्या टाकत होते आणि त्याची कुणालाही लाज वाटत नव्हती, कारण सगळेच तिथे होते.

आमचे चुलते मात्र कामावरून आले, की उन्हे कलल्यावर आमच्या कोरड्या विहिरीत उतरायचे. टोपल्यात गाळ भरायचा, चऱ्हाटाने वर ओढायचा, शेतात नेऊन पसरायचा. मी वर उभा राहून टोपली रिकामी करायचो. एकदा वैतागून विचारले, "अप्पा, पाण्याचा पत्ता नाही, मग हे कशाला?" ते म्हणाले, "पाणी असतं तेव्हा गाळ काढता येतो का रे?"

मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याने हेच उत्तर दिले असते. भरल्या विहिरीचा तळ दिसत नाही, म्हणून तो साफही होत नाही. नोकरीचे तसेच आहे. पगार दर महिन्याला जमा होत असतो, तोवर आपल्याला काय येते, काय येत नाही, आपण कुणाचे किती देणे लागतो, कुठला खर्च केवळ सवयीने करतो, यातले काहीच दिसत नाही. पाणी आटते तेव्हा तळ दिसतो. तो बघायला बरा नसतो. पण हात घालायची वेळ तीच.

म्हणून त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावले आणि मनाबद्दल एक शब्दही न बोलता त्याच्यापुढे एक वही ठेवली. बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर आरडाओरडा करायचा नसतो आणि घरीही जायचे नसते. दिवसाची व्हाउचरे काढायची आणि एकेक नोंद पुन्हा तपासायची. आमच्या काळात लेजरे हाताने लिहिली जायची. सहामाहीला बॅलन्स जुळवताना रात्रीचे दोन वाजायचे. घाबरलेला कारकून तीच चूक तीनदा करतो आणि नोंदीला नोंद लावत बसणारा ती शोधून काढतो. शांत स्वभावाची माणसे मी फार थोडी पाहिली. पण हातात जुळवायला काही तरी असले, की माणूस आपोआप शांत होतो, हे मात्र शेकडो वेळा पाहिले.

त्याचा हिशेब असा निघाला. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चौतीस हजार, गाडीचा अकरा हजार, वरखर्च पंधरा हजार. म्हणजे महिना साठ हजार. खात्यात दोन लाख साठ हजार. सात वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी एक लाख चाळीस हजार आली होती. ती त्याने धरलीच नव्हती. एकूण चार लाख. म्हणजे साडेसहा महिने. त्याच्या डोक्यात मात्र 'आपण संपलो' एवढेच होते. मग आम्ही दुसरे पान घेतले. गाडी विकून तिचे कर्ज फेडले तर? फ्लॅट अठरा हजारांनी भाड्याने दिला तर? अंबाजोगाईत राहून घरात दहा हजार दिले तर? महिन्याची तूट सव्वीस हजारांवर आली आणि तेच चार लाख पंधरा महिने पुरू लागले. नोकरी मिळाली नव्हती, पैसाही वाढला नव्हता. पण साडेसहा महिने मुठीत धरून मुलाखतीला जाणारा माणूस आणि पंधरा महिने गाठीला असलेला माणूस समोरच्याच्या नजरेला नजर देऊन सारखेच बोलत नाहीत.

इथे एक जुना बँकवाला म्हणून कळकळीने सांगावेसे वाटते. हप्ता थकण्याची भीती असेल, तर थकण्याआधी बँकेत जा. नव्वद दिवस थकले, की कर्ज अनुत्पादक ठरते आणि मग आतल्या माणसाचेही हात बांधले जातात. तीन हप्ते थकवून, फोन बंद ठेवून, नोटीस आल्यावर येणारे कर्जदार मी खूप पाहिले. नोकरी गेल्याच्या पहिल्याच महिन्यात कागद घेऊन येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी काही ना काही वाट काढता यायची. आणि सवलत मिळाली तरी ती काय आहे, हे विचारून घ्या. २०२० च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबवायची मुभा दिली आणि ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा कित्येकांना वाटले, की तेवढे हप्ते माफच झाले. व्याज चालूच होते. मी त्याच मे महिन्यात, तोंडाला मास्क लावून, निरोप समारंभाशिवाय निवृत्त झालो. शेवटच्या दिवशीही हेच समजावून सांगत होतो.

आता तयारीविषयी. २००१ च्या सुरुवातीला सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. पंधरा वर्षे नोकरी किंवा चाळीस वर्षे वय झालेल्याला अर्ज करता येत होता. दर वर्षाच्या सेवेमागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांतले जे कमी असेल ते मिळणार. देशभरात सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. बँकेतले वातावरण असे, की राहणारा मूर्ख ठरत होता. मी अर्ज भरून खिशात ठेवला होता. सौ. शाळेत शिक्षिका; तिने विचारले, "सोडून करणार काय?" मी म्हणालो, "लिहीन." तिने माझ्या पहिल्या कादंबरीचे मानधन आणि आमचे किराणा बिल शेजारी शेजारी लिहिले. दोन महिन्यांचा किराणा निघत होता. अर्ज खिशातच राहिला.

बाहेर पडलेल्यांपैकी दोघे माझे जिवलग. एकाने हिशेब केला होता, की मिळालेली रक्कम मुदत ठेवीत टाकायची आणि व्याजावर जगायचे. तेव्हा ठेवीवर साडेनऊ-दहा टक्के मिळत होते. तीन वर्षांत दर साडेपाचच्या आसपास उतरले आणि त्याचे उत्पन्न जवळजवळ निम्मे झाले. हिशेब चुकला नव्हता. परिस्थिती बदलली होती आणि त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते. दुसरा नोकरीत असल्यापासून पहाटे उठून छोट्या दुकानदारांची हिशेबवही लिहून द्यायचा, विक्रीकराची कागदपत्रे शिकून घ्यायचा. त्याची आम्ही थट्टा करायचो. तो बाहेर पडला तेव्हा तीस दुकाने त्याच्या हातात होती. दोघांनी एकाच दिवशी, एकाच पेनाने अर्जावर सही केली होती. एकाची विहीर आधीच साफ झालेली होती, एवढाच फरक.

तयारी म्हणजे नुसते नवे तंत्र शिकणे, असे मात्र मला वाटत नाही. बँकांत संगणक यायचा होता, तेव्हा तो आमच्या नोकऱ्या खाणार म्हणून आम्हीही घोषणा दिल्या होत्या. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. प्रशिक्षणाला जायला कुणी तयार नव्हते, मी गेलो तो दैनिक भत्त्यासाठी. पुढे त्याचा उपयोग झालाच. सुंदर अक्षर आणि बिनचूक बेरीज ही माझ्या आधीच्या पिढीची मिळकत होती. ती दहा वर्षांत कवडीमोल झाली, आणि त्या माणसांचे उतरलेले चेहरे मी विसरलेलो नाही. टिकले ते दुसरेच. कर्ज मागणाऱ्याच्या शेतात जाऊन उभे राहणे, गोठ्यात जनावरे किती आणि कशी आहेत ते बघणे, बोलताना तो कुठे अडखळतो ते ऐकणे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने तीच भीती पुन्हा आली आहे. यंत्र शिकावेच. पण शेतात उभे राहण्यासारखे आपल्या कामात काय आहे, तेही शोधून ठेवावे.

आणि आपल्याला जे येते त्याला आपणच कौशल्य म्हणत नाही, असेही होते. लालबाग-परळमध्ये कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या बायका रोज पंधरा-वीस माणसांचे जेवण रांधायच्या. त्याला कुणी धंदा म्हणत नव्हते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कागदावर प्रथम लिहिले गेले, की ही बाई उद्योग करते. त्या मुलाच्या वहीत आम्ही तिसरे पान केले ते यासाठीच. त्यात पहिली ओळ त्याला सुचलीच नाही, ती मी लिहिली: चिडलेल्या गिऱ्हाइकाशी रात्री दोन वाजता फोनवर न चिडता बोलता येते.

हे सगळे लिहीत असताना एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. आमच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसऱ्यानंतर लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती अंगमेहनतीने फेडायची. त्यांच्यासाठी मंदी ही बातमी नसते, दर वर्षीचा ऋतू असतो. त्यांना 'शांत राहा' असे सांगायला कुणी जात नाही. त्या मुलाला मी म्हणालोही, की तुझा फ्लॅट म्हणजेसुद्धा एक उचलच आहे. कोयत्याची निदान हंगामाच्या मापाने मोजतात, तुझी वीस वर्षांच्या. तो हसला नाही. मलाही नंतर वाटले, की तुलना बरोबर असली तरी बेतशीर नव्हती. त्याच्या उचलीमागे एक फ्लॅट उभा आहे. त्यांच्या मागे काय आहे?

म्हणून सगळा भार एकट्या माणसावर टाकून मोकळे होणे बरे नव्हे. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे तग धरून राहिली, ती स्वभावाने शांत होती म्हणून नव्हे. मस्टरवर नाव होते म्हणून. वि. स. पागे यांनी कामाचा हक्क मांडला, त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली देशानेही तो कित्ता गिरवला. पगारदारांसाठी तसे पाठबळ फार तुटपुंजे आहे. राज्य विमा योजनेतल्या कामगारांसाठी २०१८ साली बेकारीच्या काळात नव्वद दिवसांपर्यंत मदत देणारी योजना सुरू झाली, २०२० मध्ये ती मदत निम्म्या वेतनापर्यंत वाढवली गेली. पण ती किती जणांना माहीत होती? शहरातल्या नोकरदारालाही पाय टेकवायला काही जमीन लागते, हे आपण बोलायलाच लागलेलो नाही. नोकरी जाणे ही आपल्याकडे अजून लपवायची गोष्ट आहे. दुष्काळात ती लाज नव्हती, कारण सगळे एकाच खडीवर होते. आज प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली एकटा बसलेला आहे.

त्या मुलाला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगितली, की घरी खरे सांग. ते त्याला हिशेबापेक्षा अवघड गेले. आठवडाभराने तो आला तेव्हा म्हणाला, "सांगितलं. अण्णा म्हणाले, मला माहीत होतं."

"कसं?"

"म्हणाले, रोज बॅग घेऊन जात होतास, पण चार्जर कोनाड्यातच राहायचा."

त्याचे वडील पन्नास वर्षे दुकानात बसलेले. त्यांनी दोन महिने काही विचारले नाही. रोज रात्री मात्र तो घरी येईपर्यंत शटर अर्धे उघडे ठेवून बसत होते, हे त्याला तेव्हा कळले.

अजून त्याला नोकरी लागलेली नाही. गाडी विकली. फ्लॅटला भाडेकरू मिळाला, अठराऐवजी सोळा हजारांवर. वहीतले पंधरा महिने त्यामुळे चौदा झाले. ती दुरुस्ती त्याने लाल शाईने केली आहे. सकाळी तो परीक्षेचा अभ्यास करावा तसा कुठलासा नवा अभ्यासक्रम करतो, दुपारी दुकानात बसतो. तीन मुलाखती झाल्या, एका ठिकाणी दुसऱ्या फेरीला बोलावले आहे. काय होईल, मी विचारत नाही आणि त्यालाही मुदत सांगत नाही. परवा दुकानावर गेलो, तर तो वडिलांची उधारीची वही संगणकावर चढवत होता आणि वडील शेजारी बसून कुणाचे किती खरे, कुणाचे किती बुडीत, ते सांगत होते. मला बघून म्हणाले, "साहेब, वीस वर्षांचा गाळ आहे हा. निघतोय हळूहळू."

विहिरीचे मी त्यांना कधी सांगितले नव्हते.